सही करू का थांबू? तरुण खेळाडूच्या करार-मुदतवाढीचं अर्थशास्त्र

आषाढात आत्याकडे कोळवणला गेले होते. पौडवरून आत वळलं की पुढचा सगळा रस्ता भातखाचरांतून जातो. लावणी नुकतीच उरकली होती, वाळकी नदी भरून वाहत होती आणि आत्याच्या ओटीवर माझा आतेभाऊ मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. वीस वर्षांचा आहे, चढाईपटू आहे. जत्रेतल्या कबड्डीपासून सुरुवात करून एका व्यावसायिक संघापर्यंत पोहोचलाय आणि तिथे एक हंगाम खेळलाय. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "ताई, तू करारांवरच पीएचडी करतीयेस ना? मग सांग की. सही करू का थांबू?"

संघाने त्याला पुढचे दोन हंगाम ठरावीक रकमेत ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. मामा म्हणत होता, "हातचं सोडू नकोस." गावातले मित्र म्हणत होते, "लिलावात उतर, दुप्पट येतील." दोघांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

त्याचा आणि संघाचा आकडा मी इथे लिहिणार नाही. पण त्या निमित्ताने माझ्या विषयातला एक भाग तुम्हाला सांगता येईल. तरुण खेळाडूच्या कराराला मुदतवाढ देताना दोन्ही बाजू नेमकं काय विकतात आणि काय विकत घेतात?

मोहोरावर दिलेली बाग

आंब्याची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला उक्ती देण्याची पद्धत तुम्हाला माहीत असेल. फळ अजून धरलेलं नसतं. अवकाळी पाऊस येईल, तुडतुडा पडेल, किंवा झाड वाकेल इतका आंबाही लागेल. मालक आजच ठरलेले पैसे घेऊन मोकळा होतो. पुढचं नशीब व्यापाऱ्याचं.

मुदतवाढ म्हणजे जवळपास हेच. जुना करार संपायच्या आधीच खेळाडू आपले पुढचे हंगाम आजच्या किमतीला देऊन टाकतो. फळ चांगलं आलं तर फायदा संघाचा, गारपीट झाली तर तोटाही संघाचा. म्हणून "या पोराची खरी किंमत किती?" या प्रश्नावर वाटाघाटी अडकल्या की त्या पुढे सरकत नाहीत. खरी किंमत आज कोणालाच माहीत नसते. खरेदी-विक्री होते ती धोक्याची.

दोन उदाहरणं: एक समुद्रापलीकडचं, एक चंदगडचं

मुदतवाढीचा सर्वांत बारीक अभ्यास झालाय तो अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगवर, कारण तिथले नियम आणि पगार दोन्ही जाहीर असतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्या खेळाडूचा करार चार वर्षांपर्यंत चालतो. तिसरा हंगाम संपला की चौथा सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत संघ त्याला मुदतवाढ देऊ शकतो. बोलणी फिसकटली तर तो चौथं वर्ष खेळून बाजारात उतरतो. पण मोकळेपणाने नाही, कारण दुसऱ्या संघाने दिलेल्या किमतीची बरोबरी करून त्याला ठेवून घ्यायचा हक्क जुन्या संघाकडे असतो.

स्टीफन करीने २०१२ साली ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरवर सही केली. तेव्हा त्याचा घोटा सारखा दुखावत होता आणि शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. पुढे २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पगार तोच जुना. २०१७ मध्ये नवा करार झाला तो पाच वर्षांसाठी २० कोटी १० लाख डॉलरचा.

जिमी बटलरने २०१४ मध्ये शिकागोची मुदतवाढ नाकारली आणि पुढच्याच हंगामात सर्वाधिक सुधारणा केलेल्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. २०१५च्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी ९ कोटी डॉलरपेक्षा मोठा करार मिळाला. नर्लेन्स नोएलनेही तेच केलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार २०१७ मध्ये त्याने चार वर्षांचे ७ कोटी डॉलर नाकारले आणि सुमारे ४१ लाख डॉलरवर एकच वर्ष खेळायचं ठरवलं. त्या वर्षी अंगठ्याची दुखापत झाली, निम्मेअधिक सामने हुकले, आणि पुढचा करार आधी नाकारलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हता.

आता आपल्याकडे या. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम २०१४ चा. त्या वर्षी सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०१८ साली सहाव्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडे आला तो ३६ लाख ४० हजारांना. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले. पुढच्या वर्षी तो लिलावात उतरला आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. म्हणजे एका हंगामात किंमत जवळपास चौपट.

गोष्ट इथे थांबवली तर उत्तर सोपं वाटतं: थांबा, लिलावात उतरा. पण पुढचंही बघा. २०२० मध्ये कोरोनामुळे हंगामच झाला नाही. २०२१ च्या लिलावात टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना ठेवून घेतलं आणि हंगामाच्या सुरुवातीलाच तो जखमी होऊन बाहेर बसला.

पवन सेहरावतचं उदाहरण त्याहून टोकाचं आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख ५० हजार मोजले. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. पण पुढच्या लिलावात त्याला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. म्हणजे दुखापत झाली की किंमत पडतेच असंही नाही. नाव मोठं असेल तर बाजार थांबतो. वीस वर्षांच्या पोरासाठी तो थांबेल का, याची खात्री मात्र कोणी देत नाही.

थोडं गणित, ओटीवर बसून केलेलं

आतेभावाला मी वहीच्या मागच्या पानावर जे लिहून दाखवलं तेच तुम्हाला दाखवते. आकडे समजण्यापुरते, मनाने घेतलेले आहेत.

समजा, एक खेळाडू थांबला. साठ टक्के शक्यता आहे की हंगाम चांगला जाईल आणि त्याला ६० लाख मिळतील. चाळीस टक्के शक्यता आहे की दुखापत होईल किंवा सूर हरवेल आणि १० लाखांवर समाधान मानावं लागेल. सरासरी काढली तर ३६ अधिक ४, म्हणजे ४० लाख. संघ आज ३२ लाख पक्के देतोय. घ्यावेत का?

मित्र म्हणतील, "४० कुठे आणि ३२ कुठे!" पण सरासरी ही संघाच्या कामाची गोष्ट आहे. संघाकडे असे आठ-दहा तरुण असतात. त्यातले तीन-चार बिघडले तरी बाकीचे भरून काढतात. खेळाडूकडे स्वतःचे दोनच गुडघे आहेत. त्याच्या वाट्याला सरासरी कधीच येत नाही. एक तर ६० येतात, नाही तर १०.

शिवाय प्रत्येक लाखाचं मोल सारखं नसतं. पहिल्या दहा लाखांत सोसायटीचं कर्ज फिटतं आणि बहिणीचं लग्न होतं. पुढच्या दहात घरावर मजला चढतो. त्यापुढच्या दहात गाडी येते. रक्कम तीच, पण उपयोग उतरत जातो. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ साली ही उतरण लॉगरिदमने मोजायचं सुचवलं होतं. वर्गात आम्ही अजून तेच पहिल्यांदा शिकवतो. त्या सूत्रात वरचे आकडे घातले तर उत्तर येतं साधारण २९ लाख. म्हणजे ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही अशा खेळाडूला "६० किंवा १०" ही सोडत आणि हातात पक्के २९ लाख, दोन्ही सारखेच वाटतील. त्याच्यासाठी ३२ हा चांगला सौदा आहे. आणि संघाला ४० पर्यंत जाणं परवडतं, म्हणून संघासाठीही ३२ हा चांगलाच सौदा आहे.

खेळाडूचा तळ २९, संघाचा माथा ४०. मधले ११ लाख हा वाटाघाटीचा मुलूख. दोघांचाही फायदा होईल अशी जागा असते, म्हणूनच मुदतवाढी होतात. भांडण असतं ते या ११ लाखांतले कोणाला किती, याचं.

आता याच खेळाडूला खेळाडू-कोट्यातून एक नोकरी लागलीय असं धरा. त्यातून पुढच्या काही वर्षांत आणखी २० लाख हमखास येणार आहेत. बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा गणित केलं तर तळ २९ वरून ३४ वर जातो. त्याने चढाईत एक गुणही जास्त घेतलेला नाही, पकड सुधारलेली नाही, वजन कमी केलेलं नाही. तरी त्याला संघाकडे पाच लाख जास्त मागता येतात, कारण त्याला 'नाही' म्हणणं परवडतं.

मला विचाराल तर या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस, भारत पेट्रोलियम यांच्या संघांनी कितीतरी कबड्डीपटू सांभाळले. लीगचा पैसा आल्यावर "आता नोकरी कशाला?" असं काही पोरं म्हणतात. नोकरीचा पगार लीगच्या रकमेपुढे छोटा दिसतो, हे खरं. पण वाटाघाटीच्या टेबलावर तो पगारापेक्षा मोठं काम करतो.

थांबता कोणाला येतं?

जॉन नॅशने १९५० मध्ये वाटाघाटींचं गणित मांडलं. त्याचा गाभा असा: सौदा कुठे तुटेल ते तुमच्या मागणीवरून ठरत नाही. सौदा झालाच नाही तर प्रत्येकाच्या हातात काय उरतं, यावरून ठरतं. १९८२ मध्ये एरियल रुबिनस्टाइनने त्यात वेळ आणली. दोघं आळीपाळीने आकडा सांगतायत आणि दर फेरीला उशीर होतोय. ज्याला उशीर कमी बोचतो, त्याचा वाटा मोठा.

मुळशीतल्या माणसाला हे प्रमेय शिकवायची गरज नाही. पुण्याकडून फार्महाऊसवाले यायला लागले तेव्हा काय झालं ते खोऱ्यातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. ज्याच्या घरी दवाखाना किंवा लग्न उभं होतं त्याने पहिल्या भावाला जमीन दिली. ज्याच्या घरात एक पगार येत होता तो थांबला आणि त्याला पुढचा भाव मिळाला. जमीन दोघांची शेजारशेजारची, मातीही सारखीच. फरक होता तो फक्त थांबण्याच्या ताकदीचा.

खेळाडूचंही तसंच होतं. घरात पैशाची घाई आहे हे समोरच्याला कळलं की आकडा वर सरकत नाही. आणि मुदत हीसुद्धा एक चाल असते. ऑल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रयोगशाळेतल्या वाटाघाटींवर एक निबंध लिहिला. त्यात बहुतेक तडजोडी अगदी शेवटच्या क्षणांत होतात असं दिसलं. करीने शेवटच्या दिवशी सही केली हा योगायोग म्हणता येत नाही. त्यामुळे "पंधरा दिवसांत सांग" असं कोणी म्हणालं तर पहिल्याच दिवशी होकार देण्याचं कारण नसतं. चौदाव्या दिवशीही तेच कागद असतात, आणि बहुतेक वेळा थोडे बरे असतात.

खांद्याची खबर कोणाला?

इथपर्यंत मी असं धरलं की साठ-चाळीसचा हिशोब दोघांनाही माहीत आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. रोज सरावात पाहणारा प्रशिक्षक आणि खांद्याला पट्टी बांधणारा फिजिओ यांना पोराच्या शरीराबद्दल जे कळतं ते बाहेरच्या संघाला कळत नाही. कधीकधी पोरालाही कळत नाही.

१९८४ मध्ये केनेथ लेन यांनी अमेरिकन बेसबॉलमधले मुक्त झालेले खेळाडू तपासले. जुन्या संघाने परत घेतलेले एका बाजूला आणि नव्या संघाकडे गेलेले दुसऱ्या बाजूला. नव्या संघाकडे गेलेले खेळाडू पुढच्या काळात दुखापतीमुळे जास्त दिवस बाहेर बसले होते. जुन्या संघांना आतली खबर होती, म्हणून त्यांनी धडधाकट ठेवले आणि बाकीचे जाऊ दिले. जनावरांच्या बाजारात ओळखीचा माणूस स्वतःची गाय विकायला काढतो तेव्हा आपण आधी दात आणि कास का बघतो? तेच कारण.

याचा एक परिणाम कबड्डीच्या लिलावात दिसतो. २०१८ पासून तिथे 'फायनल बिड मॅच' नावाचं कार्ड आहे. लिलावात शेवटची बोली लागली की जुना संघ ते कार्ड दाखवून त्याच किमतीला आपला खेळाडू परत घेऊ शकतो. राहुल चौधरीला २०१८ मध्ये टायटन्सने असंच १ कोटी २९ लाखांना ठेवलं. वरवर पाहता खेळाडूचं काहीच जात नाही, कारण किंमत बाजारानेच ठरवलेली असते. पण बाहेरून बोली लावणाऱ्याच्या जागी बसा. मी ९० लाख म्हटले आणि जुन्या संघाने कार्ड दाखवलं तर माझी मेहनत फुकट. त्याने कार्ड दाखवलं नाही तर मला घाम फुटायला हवा, कारण याला सर्वांत जवळून ओळखणारा म्हणतोय की ९० लाख जास्त आहेत! दोन्हीकडून विचार केला की हात आखडता घेतला जातो. एनबीएमधल्या बरोबरीच्या हक्काबद्दलही हीच तक्रार आहे. म्हणून "लिलावात खरी किंमत कळते" हे वाक्य अर्धंच खरं आहे.

उलट दिशेनेही तेवढंच खरं आहे. संघ स्वतःहून मुदतवाढ देतोय, म्हणजे आतली खबर चांगली आहे. आतेभावाला मी म्हटलं, "अरे, त्यांनी तुला दोन वर्षं मागितली, याचा अर्थ तुझा खांदा त्यांना बरा वाटतोय. तू स्वतःला जेवढा धोक्यात समजतोस तेवढा नसशील." तो हसला, पण वहीत साठचे पासष्ट केले.

संघाची बाजू

संघ काही धर्मादाय संस्था नाही आणि खलनायकही नाही. त्याचं भय वेगळं असतं. केविन स्टायरो यांनी २००७ मध्ये एनबीएच्या आकडेवारीवरून दाखवलं की अनेक वर्षांच्या कराराच्या आधीच्या हंगामात खेळाडूंची कामगिरी वर जाते आणि सही झाल्यावर खाली येते. संघाला हे माहीत असतं. म्हणून तो लांब करारात रक्कम दाबतो. क्राउटमन आणि ओपनहायमर यांनी २००२ मध्ये बेसबॉलमध्ये तसंच पाहिलं. करार जितका लांब, तितका कामगिरीमागे मिळणारा मोबदला कमी. खेळाडू जणू विम्याचा हप्ता भरतो.

दुसरं म्हणजे संघाची थैली बांधलेली असते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला ५ कोटींची मर्यादा होती. पुणेरी पलटणने आपले तरुण खेळाडू आधीच राखून ठेवले होते. म्हणून २०२३ च्या लिलावात एकट्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख, म्हणजे थैलीतला जवळपास निम्मा पैसा, त्यांना लावता आला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. तिकडे गोल्डन स्टेटला २०१६ मध्ये केविन ड्युरँटसारखा खेळाडू घेता आला, त्यालाही करीचा जुना स्वस्त करार एक कारण होता. तरुणांनी कमी घेतलेल्या पैशावर मोठी नावं येतात आणि चषकही येतो. चषकाच्या फोटोत सगळे असतात, हिशोबात मात्र सगळे सारखे नसतात.

पण पलटणचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. आठव्या हंगामात नवखा म्हणून आला, तिथेच राहिला, वाढला, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. २०२४ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम अर्ध्यावर सुटला. पुढच्या हंगामातही पलटणने कर्णधारपद त्याच्याकडेच ठेवलं. जिथे माणसं तुम्हाला ओळखतात तिथे वाईट वर्षाकडे वाईट वर्ष म्हणूनच पाहिलं जातं. या ओळखीची किंमत करारात छापलेली नसते, पण असते.

मग काय विचारायचं?

रकमेवरच डोकं आपटण्यापेक्षा धोका कोणाकडे जातोय ते कागदावर शोधायचं. आतेभावासाठी मी चार प्रश्न लिहून दिले. तुमच्या घरात असा कोणी असेल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला: दुखापत झाली तर दुसऱ्या हंगामाचे पैसे मिळतात का? नसतील मिळत, तर ही मुदतवाढच नव्हे. ते संघाने आपल्याकडे ठेवलेलं एकतर्फी दार आहे. तुम्ही चांगले खेळलात तर तुम्ही बांधलेले, वाईट खेळलात तर ते मोकळे. वरच्या गणितातले २९ लाख 'पक्के' होते म्हणून २९ होते.

दुसरा: उपचार आणि नंतरच्या व्यायामाचा खर्च कोणाचा, आणि डॉक्टर कोण ठरवणार?

तिसरा: दोनऐवजी एकच हंगाम चालेल का? वय वीस असताना सर्वांत महाग वस्तू म्हणजे एकविसावं वर्ष. थोडी कमी रक्कम घेऊन ते वर्ष मोकळं ठेवता आलं तर अनेकदा परवडतं. ते जमत नसेल तर कामगिरीनुसार रक्कम वाढायचं कलम मागता येतं. चढाईचे अमुक गुण झाले तर इतकी वाढ. अशा कलमात संघ आणि खेळाडू दोघांनाही आपला अंदाज लपवता येत नाही. "तो इतके गुण घेणारच नाही" असं संघाला खरंच वाटत असेल तर कलम देताना त्याचं काय जातं?

चौथा: नोकरीच्या संघाकडून खेळायला परवानगी आहे का? हा प्रश्न सगळे विसरतात. पण तळ २९ चा ३४ करणारी गोष्ट हीच आहे. करारातल्या एका ओळीने ती बंद होत असेल तर तेवढे पाच लाख त्या ओळीचे मागायला हवेत.

झालं काय?

त्याने तेराव्या दिवशी फोन केला. रक्कम होती तीच राहिली. एका हंगामाची गोष्ट संघाने ऐकली नाही. पण दुखापत झाली तरी दुसऱ्या हंगामाचे पैसे मिळतील आणि उपचार संघाचे, हे त्यांनी लेखी दिलं. खेळाडू-कोट्याच्या भरतीत उतरायलाही हरकत नाही म्हणाले. आत्याने देवापुढे कागद ठेवला आणि त्याने सही केली.

दोन दिवसांनी मामाने मला विचारलं, "बरोबर केलं का गं त्यानं?" मी म्हटलं, "मामा, दोन वर्षांनी तो खूप चांगला खेळला तर गाव म्हणेल स्वस्तात गेला. पाय मोडला तर म्हणेल शहाणा निघाला. दोन्ही वेळेला सही तीच असेल."

माझ्या विषयात हे पहिल्या सहामाहीतच शिकवतात आणि तरी आम्हीही विसरतो: निर्णय जोखायचा तो घेताना जे माहीत होतं त्यावरून. करीचा घोटा तेव्हा खरंच दुखत होता. नोएलला अंगठ्याचं आधी माहीत नव्हतं. सिद्धार्थ देसाईच्या पहिल्या हंगामाच्या आदल्या दिवशी १ कोटी ४५ लाख हा आकडा कोणी बोलला असता तर लोक हसले असते.

मामाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे आपण रस्त्याकडेचं रान दिलं तेव्हा चुकलो नव्हतो?"

ते रान आजोबांच्या दवाखान्यासाठी दिलं होतं. त्यावर आज एक बंगला आणि पोहण्याचा तलाव आहे. मी म्हटलं, "चुकला नव्हता, मामा. घाईत होता, एवढंच."